शिडाची बोट नव्या हंगामाला तयार करताना रंगाचा डबा शेवटी उघडा

प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराने मुंबईहून जुनी एंटरप्राइज जातीची छोटी शिडाची बोट आणली आहे. तळ फायबरचा, डेक प्लायवुडचा, डोलकाठी अॅल्युमिनियमची, आधीचा सगळा वापर समुद्रावरचा. जूनपासून ती बागेला लागून असलेल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. दसऱ्यानंतर गंगापूर धरणात उतरवायची आहे. निळा ऑइलपेंट आणून ठेवलाय. डोलकाठीची एका बाजूची तार झिजली आहे, तिथे द्राक्षाच्या मांडवाची तार चालेल का? शिडावर काळे ठिपके आलेत, ते कशाने निघतील? आणि याखेरीज काय काय तपासायचं?

भाऊ, तो रंगाचा डबा आधी माळ्यावर ठेवून द्या. त्याच्याकडे आपण सगळ्यात शेवटी येऊ, आणि बहुधा येणारही नाही.

मी नौदलात पंधरा वर्षं काढली, नंतर सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. वीसेक वर्षं आपल्या धरणावर छोट्या शिडाच्या बोटी चालवतोय, दुरुस्त करतोय, आणि चुकतोयही. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. नाशिकमधली बोट पाण्यात खराब होत नाही, शेडमध्ये होते. बोटींच्या देखभालीची पुस्तकं थंड देशांसाठी लिहिलेली असतात. त्यात इंजिनातलं पाणी गोठण्याची भीती असते, तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावायचे विषारी रंग असतात. आपल्याला त्यातलं काहीच लागू नाही. आपली बोट संध्याकाळी ट्रॉलीवर परत येते. तिचे खरे शत्रू म्हणजे उंदीर, गांधीलमाशी, वाळवी, चार महिने न वाळलेली ओल आणि ऊन. तुमच्या बाबतीत आणखी एक आहे, आणि तो तुमच्याच टाकीत आहे.

तो म्हणजे मोरचूद. पावसाळ्यात बागेवर बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, फवारणी झाली असेल. वाऱ्याने तिचा तुषार शेडपर्यंत जातोच. मोरचुदातलं तांबं ओलसर अॅल्युमिनियमवर बसलं की त्या जागी धातू आतून खायला सुरुवात करतं, बारीक खड्डे पडतात आणि वर पांढरी भुकटी दिसते. ताडपत्री फाटकी असेल तर डोलकाठी आणि बूम (शिडाच्या खालच्या काठाची आडवी काठी) यांच्यावर हे झालेलं असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे पहिलं काम, बोट उघड्यावर काढा आणि साध्या पाण्याने भरपूर धुवा. फवारणीच्या ब्लोअरने किंवा त्याच पंपाच्या नळीने धुऊ नका, त्यात औषधाचा अंश राहतोच. विहिरीची मोटर आणि स्वच्छ नळी घ्या. बोट समुद्रावरची असल्यामुळे मीठ सगळ्या फटींत बसलेलं असणार. पुल्यांच्या आत, डोलकाठीच्या तळाशी, सेंटरबोर्डच्या (बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) खाचेत पाणी सोडत राहा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून अशी बोट कोरडी दिसली तरी आतून ओली राहते. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. धुऊन झाल्यावर तळाची बुचं आणि टाक्यांची झाकणं काढून ठेवा आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, थोडी उंच धरून दोन-तीन दिवस सावलीत वारा लागू द्या.

ताडपत्री उचलताना मात्र सावध. मी एकदा सेंटरबोर्डच्या खाचेत हात घातला आणि गांधीलमाश्यांचं पोळं हाताला लागलं. डोलकाठी पोकळ असते, तिच्यात त्या हमखास घर करतात. दोन्ही टोकांतून आधी काठी फिरवा, मग पाणी सोडा. बोटीखालच्या अंधाऱ्या जागेत काय बसलेलं असतं हे तुम्हाला मळ्यात राहून मी सांगायला नको.

आता मुख्य काम. मी बोट तपासतो ती एका क्रमाने. ज्या गोष्टीने माणूस बुडू शकतो ती आधी, ज्याने फक्त शर्यत हरतो ती नंतर, ज्याने शेजारी नावं ठेवतात ती शेवटी.

पहिली गोष्ट म्हणजे हवा. बोट उलटल्यावर तरंगते ती लाकूड-फायबरमुळे नाही, आत कोंडलेल्या हवेमुळे. तुमच्या बोटीत एकतर बाजूला आणि नाळेत बंद टाक्या असतील, किंवा जुन्या पद्धतीच्या हवेच्या पिशव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतील. पिशव्या असतील तर त्या फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबून बघा. उंदराने केलेलं भोक डाळीएवढंही नसतं. माझ्या दुसऱ्याच हंगामात हेच झालं. पिशव्या धक्क्यावर फुगवल्या, टणक लागल्या, निघालो. तासाभराने बोट उलटली तेव्हा एका बाजूच्या पिशवीत हवा अर्धीही नव्हती. बोट सरळ केली की त्याच बाजूला पुन्हा कलंडायची. बुडाली नाही, पण किनाऱ्याला लागेपर्यंत आम्ही दोघं बोलत नव्हतो. नुसत्या पिशव्यांइतकेच त्यांचे पट्टे आणि पट्ट्यांचे स्क्रूही ओढून बघा. पाण्याखाली पिशवी वर उसळी मारते आणि सडक्या लाकडातले स्क्रू उपटून मोकळी होते.

बंद टाक्या असतील तर चाचणी अशी करतात. सगळी झाकणं लावायची, एका बुचाच्या जागी नळी घट्ट बसवायची आणि तोंडाने फुंकायचं. मग नळी चिमटीत धरून प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचं पाणी लावायचं. जिथे फुगे येतील तिथे गळती. हे काम सकाळी लवकर करा, कारण ऊन चढलं की टाकीतली हवा आपोआप फुगते आणि चाचणी फसवते. एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे ट्रॅक्टरचं टायर भरतो तो कॉम्प्रेसर जोडायचा नाही. एक पीएसआय दाब ऐकायला काहीच वाटत नाही. पण एक चौरस मीटर पृष्ठभागावर तो सातशे किलोंचा भार होतो. टाकीची भिंत सांध्यातून उखडायला तेवढा पुरतो, आणि मग जी गळती नव्हती ती तुम्हीच तयार केलेली असते. फुंकर पुरेशी आहे. गळती बहुतेक वेळा झाकणाच्या रबरी वायसरमध्ये किंवा डेकवर बसवलेल्या एखाद्या सामानाच्या स्क्रूपाशी सापडते. रबर कडक झालं असेल तर बदला. स्क्रू काढून भोकात सीलंट भरून परत बसवा. हे काम पन्नास रुपयांचं, पण यावर सगळं अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट, डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा. मांडवाच्या तारेबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण न विचारता ती लावणारे मी पाहिले आहेत. नको, तात्पुरतीसुद्धा नको. मांडवाची तार ही एकच भरीव तार, वर जस्ताचा मुलामा. मांडवावर ती नुसती ताणून उभी असते, तिथे ती वर्षानुवर्षं टिकते. बोटीवर डोलकाठी प्रत्येक झुळकीला हलते, वाऱ्याखालची तार ढिली पडते, पुढच्या वळणाला तीच ताठ होते. एकाच जागी हजारदा वाकली की भरीव तार तुटते, आणि तुटण्याआधी काही सांगत नाही. बोटीची तार एकोणीस पदरांची स्टेनलेस स्टीलची असते. तिचा एखादा पदर आधी तुटतो, टोक बाहेर येतं आणि बोटाला टोचतं. तो टोचा म्हणजे तिने वेळेत दिलेला निरोप. म्हणून तारांवरून सुती फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे पदर तुटलेला. विशेषतः तार जिथे वरच्या-खालच्या फिटिंगमध्ये शिरते ती बोटभर जागा भिंगातून बघा. समुद्रावरच्या बोटीत पाणी आत झिरपून तिथेच गंज चढतो. तपकिरी रेघ दिसली की समजा आतलं काम संपलं.

एक बाजू गेली असेल तर फक्त ती बाजू बदलू नका. दोन्ही बाजूच्या आणि पुढची अशा तिन्ही बदला. त्या एकाच दिवशी जन्मलेल्या असतात. या आकाराच्या बोटींना बहुधा अडीच ते तीन मिलिमीटर जाडी लागते. तुमची जुनी तार व्हर्नियरने मोजा आणि तीच जाडी घ्या. जाड तार जास्त मजबूत म्हणून घेऊ नका, ती जुन्या फिटिंगमध्ये बसत नाही. लांबी देण्यासाठी जुन्या तारा नमुना म्हणून सोबत न्यायच्या, टेपने घेतलेलं माप पाठवायचं नाही. टोकं दाबून बसवायचं मशीन लागतं, ते मुंबईत बोटींचं काम करणाऱ्यांकडे मिळतं. सातपूर-अंबडला कुणी हायड्रॉलिक पाइपच्या डायवर दाबून देतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. मी स्वतः त्या लाइनीत असूनही म्हणतोय. हल्ली काही जण तारेऐवजी डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर लावतात. तो चांगला आहे, पण त्याला गाठ चालत नाही, गाठीने ताकद निम्म्यावर येते. टोकं एकमेकांत ओवून घ्यावी लागतात. ते हाताला येईपर्यंत तारच बरी.

तार धडधाकट असूनही डोलकाठी खाली येते ती पिनांमुळे. फिटिंगच्या प्रत्येक पिनेला एक कॉटर पिन किंवा रिंग असते, दोन-चार रुपयांची वस्तू. पावसाळ्यानंतर त्या सगळ्या नव्या घाला. जुनी वाकवून परत घालू नका. वर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, म्हणजे शीड घासून रिंग निसटत नाही आणि शीडही फाटत नाही. शॅकलच्या, म्हणजे यू आकाराच्या कड्यांच्या, पिना पक्कडीने आवळून बारीक तारेने बांधा. आणि लोहचुंबक फिरवून ‘हे खरं मरीन स्टील’ असं ठरवणाऱ्या दुकानदारावर जाऊ नका. ३०४ म्हणजे साधं स्टेनलेस आणि ३१६ म्हणजे मरीन, यातला फरक चुंबकाला कळत नाही. धरणाच्या गोड्या पाण्यात ३०४ सुद्धा चालतं.

डोलकाठीवर पांढरी भुकटी सापडेल ती बहुतेक स्टीलच्या रिव्हेटभोवती. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. भुकटी नायलॉनच्या घासणीने साफ करा आणि खाली किती खड्डा आहे ते बघा. नुसता खरबरीतपणा असेल तर धुऊन सोडून द्या. रिव्हेटचं भोक लांबट झालं असेल किंवा भोकापासून चीर निघाली असेल तर त्या डोलकाठीवर भरवसा नाही. चेनप्लेट, म्हणजे तारा जिथे बोटीला धरतात ती पट्टी, हलवून बघा. तुमचा डेक प्लायचा आहे. पट्टीभोवतीचं प्लाय काळं पडलं असेल तर तिथे चार महिने पाणी मुरलंय.

डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करा. तिची उंची वीस फुटांच्या आसपास आहे आणि ती अॅल्युमिनियमची आहे. मळ्यातून ११ केव्हीच्या तारा किती खाली झुकलेल्या असतात ते तुम्हाला माहीत आहेच. घरी शेडबाहेर काठी उभी करून बघण्याचा मोह होईल. जागा नीट निवडा. धरणाकडे नेताना ती आडवी बांधून न्या आणि उभी केलेली बोट ट्रॉलीवर ढकलताना एक माणूस फक्त वर बघायला ठेवा. या लेखातली बाकी कुठलीही चूक दुरुस्त होते, ही होत नाही.

सुकाणू आणि सेंटरबोर्डला फार वेळ लागत नाही. सुकाणूच्या बिजागऱ्यांचे बोल्ट घट्ट आहेत का आणि बोट उलटली तरी सुकाणू निसटू नये म्हणून असलेली स्प्रिंगची पट्टी जागेवर आहे का, एवढं बघा. सुकाणू एकदा सुटलं की ते गाळात जातं. सेंटरबोर्ड लाकडी असेल तर ओलीने फुगून खाचेत अडकतो. तो काढून वाळवा, घासून पातळ करण्याची घाई करू नका, पंधरा दिवसांत बहुधा आपोआप आकसतो. त्याच्या आसाचा बोल्ट हा गळतीचा नेहमीचा उगम, रबरी वायसर नवा घाला.

आता तळ आणि डेक. नाणं घेऊन फायबरवर टकटक करत जा. टणक आवाज ठीक, भसाड्या आवाजाला खडूने गोल करा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतील, त्या फक्त जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराच्या असतात, त्यांच्यासाठी झोप घालवू नका. पण हाताने दाबल्यावर दबणारी जागा, किंवा ट्रॉलीच्या टेकूवर पडलेला खळगा, हे गंभीर. दुरुस्तीआधी एक नियम, पहिल्यांदा अॅसिटोनने पुसायचं आणि मगच पॉलिश पेपर मारायचा. उलट केलंत तर जुनं मेण ओरखड्यांत भरतं आणि वरचं काही चिकटत नाही.

रेझिनचे दोन प्रकार बाजारात मिळतात. पॉलिएस्टर स्वस्त, सातपूरला फायबरच्या टाक्या करणारे तेच वापरतात. इपॉक्सी महाग, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला ते जास्त घट्ट धरतं. छोट्या दुरुस्तीला मी इपॉक्सीच घेतो. त्यात हार्डनर अंदाजाने घालायचं नसतं, डब्यावरचं प्रमाण काट्यावर मोजून. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर ते कायमचं रबरासारखं राहतं. आणि इपॉक्सीसोबत साधी चटईसारखी काचमॅट घेऊ नका, तिचा गोंद पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननेच विरघळतो. इपॉक्सीला विणलेलं काचकापड घ्या.

पॉलिएस्टरने करणार असाल तर हे दोनदा वाचा. त्यात दोन बाटल्या येतात, जांभळा कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. या दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायच्या नाहीत, भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर शेकडा एक ते दोन टक्के. हल्ली बरंच रेझिन कोबाल्ट घालूनच मिळतं, विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. उन्हाचा गॉगल नव्हे, कडेनेही बंद असलेला चष्मा लावा. फवारणीला तोंड बांधायला सांगूनही ऐकत नाहीत ते मजूर मी पाहिलेत. इथे तसं करू नका.

हे काम ऑक्टोबरच्या उन्हाळ्यातच उरका. तुमची फळछाटणी त्याच दिवसांत येते हे मला माहीत आहे, पण ‘छाटणी झाली की डिसेंबरात निवांत बघू’ म्हणालात तर निफाड-दिंडोरीची थंडी आड येते. पारा दहाच्या आसपास गेला की इपॉक्सी चार-चार दिवस चिकट राहतं. सकाळी दव असताना लावलेल्या थरावर मेणचट साय येते. ती पाण्याने धुऊन मगच पुढचा थर द्यायचा.

प्लायचा डेक पेचकसाच्या टोकाने टोचून बघा. टोक शिरलं तर तेवढा भाग कापून नवा घालायचा, त्यावर नुसती लांबी (पुट्टी) भरून भागत नाही. नवं प्लाय घेताना आयएस ७१० शिक्का बघा, तो मरीन प्लायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं ‘वॉटरप्रूफ’ प्लाय आणू नका. कडेच्या पट्ट्या सागवानी असतील तर चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसा, सागाचं तेल डिंक धरू देत नाही. व्हार्निशचा पहिला हात पातळ करून, म्हणजे तो लाकडात मुरतो. मग चार-पाच हात. आणि पुढच्या जूनमध्ये बोट जमिनीला टेकवून ठेवू नका, विटांवर टायर ठेवून त्यावर पालथी घाला. वाळवीने आमच्या एका मित्राच्या बोटीचा आतला सगळा सांगाडा खाल्ला होता. वरून रंग ताजा होता.

शिडाकडे येऊ. एक गोंधळ आधी मिटवतो, कारण नवीन माणूस इथे हमखास अडखळतो. शीड म्हणजे कापड, पण ‘शीट’ म्हणजे ते शीड आवळायचा दोर. धरणावर कुणी ओरडलं ‘शीट सोड!’ तर दोर सोडायचा आहे.

काळे ठिपके ही बुरशी. शिडाचं कापड पॉलिएस्टरचं असतं, बुरशी ते खात नाही, फक्त डाग पाडते. बोट त्याने हळू चालत नाही. अंगणात स्वच्छ ताडपत्रीवर पसरून मऊ ब्रश, साबणाचं पाणी, भरपूर खळबळणं आणि सावलीत वाळवणं. एंटरप्राइजचं शीड परंपरेने निळं असतं, तुमचंही असेल तर ब्लीचिंगचं नाव काढू नका, शिडावर पांढरे ढग उठतील. वॉशिंग मशिन नको, इस्त्री तर नकोच. थोडे डाग राहतील, राहू द्या.

डागांपेक्षा शिवण महत्त्वाची. उन्हाने कापडाआधी दोरा मरतो. नखाने टाक्यांवर खरवडा, दोरा भुगा होऊन तुटला तर ती सगळी शिवण नव्याने घालावी लागेल. नेहमीचा शिंपी घेणार नाही. गाडीचे सीटकव्हर किंवा मंडपाचं कापड शिवणारा कारागीर गाठा, त्यांच्याकडे जाड मशिन असतं. त्याला तीन गोष्टी सांगा, दोरा पॉलिएस्टरचा, टाका झिगझॅग, आणि जुन्या भोकांतूनच जायची गरज नाही. काठावरच्या पट्ट्यांचे खिसे, डोक्याचा आणि खालच्या कोपऱ्यांचा जाड भाग नक्की तपासायला लावा. घडी घालून ठेवू नका, पाइपवर गुंडाळा. घडीच्या रेषेवर कापड मोडतं, आणि घडीतच उंदीर बाळंत होतो.

दोरांत मोठं काही नाही. शीड वर चढवायच्या दोराला ताण न खाणारा पॉलिएस्टर घ्या. नायलॉन रबरासारखा लांबतो, तो नांगराला चांगला. गावातल्या दुकानातली पिवळी-निळी प्लास्टिकची रस्सी तरंगते, म्हणून मोहात पाडते, पण उन्हात वर्षभरात चुरते. जुना दोर चांगला असेल तर टोकं उलटी करून लावा, झिजलेली जागा बदलते.

जीवरक्षक जॅकेट बोटीसोबत जुनीच मिळाली असतील तर तीही तपासा. त्यांच्यावर ५० न्यूटन लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ साधारण पाच किलो वजन पाण्यात तोलून धरणं. पाण्याने भरलेल्या टिपात जॅकेटला पाच किलोचं लोखंडी माप बांधून सोडा. बुडालं तर ते जॅकेट बागेतल्या बुजगावण्याला घाला.

आता रंग. तळाचा जेलकोट शाबूत असेल तर रंगवूच नका. कारच्या रबिंग कम्पाउंडने घासून मेण लावा. साधा ऑइलपेंट रोज बाहेर येणाऱ्या बोटीला चालतो, पण ट्रॉलीच्या टेकूवर एका महिन्यात सोलतो आणि पुढच्या वर्षी तुम्हालाच तो काढत बसावं लागतं. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन टिकतो. तो ब्रशनेच लावा, स्प्रे करायचा झाला तर साधा मास्क पुरत नाही, त्याची वाफ फुप्फुसाला वाईट. तांब्याचा, शेवाळ मारणारा रंग कुणी दिला तर घेऊ नका. रोज वाळणाऱ्या तळाला तो लागत नाही, आणि गंगापूरचं पाणी नाशिककर पितात. त्याच कारणाने घासणं, थिनर, रेझिन, सगळं घरी उरकायचं. धरणाच्या काठावर फक्त कोरडी, पूर्ण झालेली बोट आणायची. धरण जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, परवानगीशिवाय बोट टाकता येत नाही. परवानगी असलेल्या क्लबच्या धक्क्यावरून उतरा, म्हणजे मदतीला मोटरबोटही असते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही पान्हे-पक्कडींसोबत बोटीलाही हळदकुंकू लावतो. माझी सवय अशी की पूजेआधी प्रत्येक पिनेला हात लावायचा.

पहिल्या दिवशी सकाळी या, वारा उठायच्या आत. किनाऱ्यापासून फार लांब न जाता, पण डोलकाठीच्या उंचीपेक्षा खोल पाण्यात मुद्दाम बोट उलटी करा. उथळ पाण्यात करू नका, डोलकाठीचं टोक गाळात रुततं आणि वाकतं. एका बाजूवर पाच मिनिटं आडवी राहू द्या. टाक्यांमधून बुडबुडे येतात का बघा. सरळ केल्यावर किती पाणी आत राहिलं आणि ते काढायला किती वेळ लागला ते मोजा. पहिले काही दिवस डोलकाठीच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा कॅन बांधा, बोट पूर्ण पालथी होत नाही. कॅन पाण्याचाच, औषधाचा नको, कितीही धुतलेला असला तरी.

ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं, त्यामुळे काठाजवळची झाडं आणि जुने बांध पाण्याखाली गेलेले असतात. सेंटरबोर्ड तिथेच आपटतो. मासेमारीच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे दिसले की लांबून वळा. सांडव्याच्या बाजूला जायचंच नाही. आणि डोंगरांकडून येणारा वारा सरळ येत नाही, पाण्यावर काळी सुरकुती धावत येताना दिसली की ती पोचायच्या आत शीट ढिली करा.

एक राहिलं. धुताना काढलेली तळाची बुचं कुठे ठेवलीत ते आत्ताच आठवून सुकाणूच्या दांड्याला दोरीने बांधून टाका. मी ती दोनदा घरी विसरलोय, आणि दुसऱ्या वेळी ते पाणी घोट्याला लागल्यावर कळलं.